बिस्किटांची माती

माझी आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. मरोळच्या आमच्या चाळीतून ती चालतच कामावर जायची. पट्ट्यावरून गरम बिस्किटं येत, बायका ती पटापट उचलून रांगेत लावत आणि कागदात गुंडाळत. तुटलेली बिस्किटं बाजूच्या पत्र्याच्या डब्यात पडत. शनिवारी त्या तुकड्यांच्या पिशव्या कामगारांना घरी न्यायला मिळायच्या. त्यामुळे आमच्याकडे कधी साखर संपलेली असे, कधी रॉकेल, पण बिस्किटांचे तुकडे संपले असं आठवत नाही. आईच्या साडीला, केसांना, हाताच्या तळव्यांनासुद्धा बिस्किटांचा वास यायचा. धाकटी तिच्या कुशीत झोपायची ती पदराचं टोक तोंडात धरून.

आम्ही दोघी बहिणी. मी तेव्हा सातवीत होते आणि धाकटी नुकती शाळेत जायला लागली होती. बाबा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करायचे. ते मालवणकडचे, आईही तिकडचीच. पण आमच्याशी दोघं शहरातल्यासारखंच बोलत. मालवणी बाहेर पडायची ती गावचं माणूस आलं की, नाहीतर आईला हसू आवरेनासं झालं की.

आणि आईला हसू फार यायचं. कारखान्यातल्या सुपरवायझरची चाल ती अशी करून दाखवायची की बाबा जेवता जेवता ठसका लागून उठायचे. एकदा तिने धाकटीच्या डब्यात पोळीच्या जागी पोळीच्या आकाराचा कापलेला पुठ्ठा ठेवला आणि पोळी त्याच्याखाली लपवली. धाकटी शाळेत रडली, मग बाईंनी पुठ्ठा उचलून दाखवल्यावर अख्खा वर्ग हसला. बाबा म्हणाले, "तू आई आहेस की या दोघींची तिसरी बहीण?"

समोरच्या खोलीत मावशी राहायची. सख्खी नव्हे. ती वसईकडची, ख्रिश्चन, आईच्याच पट्ट्यावर काम करायची. नवरा वारलेला, मूलबाळ नव्हतं. तिनेच आईला कस्टर्ड शिकवलं. थंड दुधात पिवळी पावडर कालवायची, उकळत्या दुधात ती धारेने सोडायची आणि हात थांबवायचा नाही. आईने त्या कस्टर्डमध्ये आमचे ते बिस्किटांचे तुकडे घातले. आधी खाली तुकड्यांचा थर, मग कस्टर्ड, मग केळ्याच्या चकत्या, परत तुकडे, परत कस्टर्ड. केकसारखी भट्टी काही लागायची नाही. बर्फाच्या गाडीवरून लादीचा तुकडा आणायचा, गोणपाटात घालून बत्त्याने फोडायचा, परातीत पसरायचा आणि त्यात भांडं बसवायचं. दोन-तीन तासांत सगळं घट्ट. चाळीत त्याला कुणी पुडिंग म्हणायचं, कुणी बिस्किटाचा केक. आमच्या घरी तो नुसता 'थर' होता. "आई, आज थर कर ना."

एका शनिवारी शाळेतून आले तर आई दार लावून आत काहीतरी कुटत होती. तिने मला आत घेतलं आणि कडी घातली. जास्त भाजून काळपट झालेली बिस्किटं तिने पिशवीभर आणली होती. ती फडक्यात बांधून लाटण्याने बारीक केली, त्यात कोको घातला. ओलसर काळी माती दिसावी तसा भुगा झाला. मग तिने कुंभाराकडची नवी कोरी कुंडी काढली. उकळत्या पाण्याने धुऊन, बुडाला केळीचं पान घालून तिने ती तयार ठेवली होती. कुंडीत थर लावले. चायना ग्रासची लाल जेली करून सुरीने लांब लांब पट्ट्या कापल्या, म्हणजे गांडुळं. मध्ये दोन-चार द्राक्षं आणि एक चेरी पुरली. वर काळा भुगा पसरला आणि मधोमध पुदिन्याची डहाळी उभी केली. मी पाहतच राहिले. दारात आमच्या तुळशीची आणि ओव्याची कुंडी होती. त्यांच्या रांगेत ही कुंडी ठेवली असती तर कुणाला शंका आली नसती.

"कोणासाठी गं?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांसाठी. तू गप्प राहायचं. हसलीस तर बघ."

बाबा कामावरून आले तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर कुंडी, हातात चमचा. तिने पुदिना बाजूला केला, चमचाभर माती उकरली आणि तोंडात घातली. बाबांच्या हातातला डबा खाली पडला.

"अगं ए! काय खातेस? वेड लागलंय का तुला?"

आईने शांतपणे दुसरा चमचा भरला. त्यातून एक लाल गांडूळ लोंबत होतं. ते तिने ओठांनी ओढून घेतलं. बाबा धावले, तिचा हात धरला. तेव्हा आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काय करू? मातीचे डोहाळे लागलेत."

बाबांना कळायला थोडा वेळ लागला. आधी त्यांनी बोटाने भुगा चाखला. मग ते आईकडे बघत राहिले आणि मग तिथेच, चपला घातलेल्या पायांनी, तिच्या शेजारी बसले. "खरं?" ते म्हणाले. आई मालवणीत काहीतरी म्हणाली आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चाळीतली माणसं गोळा झाली. सगळ्यांनी चमच्याचमच्याने ती माती खाल्ली. चेरी मावशीला मिळाली.

इतकी हसलेली आई मी त्यानंतर पाहिली नाही, म्हणून ती संध्याकाळ मला इतकी बारकाईने आठवते.

मुलगा झाला. दवाखान्यातून आई त्याला घेऊन घरी आली तेव्हा तो माझ्या हातापेक्षा लांब नव्हता. कानांवर बारीक लव होती. धाकटी त्याच्याजवळ बसून त्याला बिस्किटांची नावं शिकवायची. बारशासाठी मावशीने शेजारच्या खोलीतून पाळणा मागून आणला, त्याला रंगीत कागद लावले. बारसं व्हायचं होतं. नाव बाबांनी ठरवलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याआधीच तो दूध ओढेनासा झाला. दुपारी अंग तापलं. बाबा कामावर होते. आई आणि मावशी त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या तेव्हा आईच्या हातांत तो तसाच होता. मला वाटलं, झोपलाय.

इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबा आणि त्यांच्या कारखान्यातला एक मित्र त्याला घेऊन गेले. आईच्या जुन्या मऊ साडीत गुंडाळलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने जाऊ दिलं. रडलीही नाही. मावशीने दार लोटलं आणि आईची छाती फडक्याने घट्ट बांधली, कारण दूध येतच होतं. ते तिच्या चोळीवर पसरत होतं आणि आई त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचं असावं तसं बघत होती.

त्यानंतर आई बोलायची थांबली असं म्हणता येणार नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. "हो." "नको." "ठेव तिथे." उठायची, पाणी भरायची, भात लावायची. पण भात लावून ती स्टोव्हसमोर बसून राहायची आणि भात करपायचा. करपल्याचा वास येऊनही उठायची नाही. कामावर ती परत गेली नाही. कारखान्यातून निरोप आला, मग दुसरा आला, मग यायचे थांबले. आमच्या वेण्या मावशी घालायला लागली.

बाबांनी जमेल ते केलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या. गावाहून कुणीतरी अंगारा आणून दिला. शेजारणी म्हणायच्या, "दुसरं मूल झालं की होईल ठीक." बाबा मान हलवायचे. संध्याकाळी ते आईच्या शेजारी बसून दिवसभराचं सांगायचे, कोण काय म्हणालं, कुठलं मशीन बिघडलं. आई ऐकत असावी. एकदा त्यांनी सुपरवायझरची चाल करून दाखवली, तिच्यासारखी. त्यांना ती जमत नव्हती. धाकटी हसली आणि आईकडे बघून गप्प झाली.

असे बरेच महिने गेले. मावशी शनिवारी आपल्या पिशवीतले अर्धे तुकडे आमच्याकडे द्यायची. ते डब्यात साठत गेले. एके दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, आपण आईला कुंडीतली माती करून देऊ या. मग ती हसेल."

मला ते एकदम पटलं. आम्हाला आईला कसं हसवायचं ते दुसरं काही माहीत नव्हतं. मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "करा गो. काहीतरी करा." तिने कोको दिला.

रविवार होता. आई आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडली होती. आम्ही मावशीच्या खोलीत सगळं केलं. कस्टर्डमध्ये गुठळ्या झाल्या, त्या मी गाळणीतून दाबून काढल्या. जेली नीट घट्ट झाली नाही, पट्ट्या कापताना तुटत होत्या. धाकटीने बिस्किटं कुटली, तिचा सगळा चेहरा भुग्याने माखला. कुंडी तीच होती. आईने ती घासून मोरीजवळ पालथी ठेवली होती आणि तिच्यात नंतर कधी काही लावलं नव्हतं. बाबा बाहेरून आले, आम्ही काय करतोय ते त्यांनी पाहिलं आणि तसेच परत बाहेर गेले. मला वाटलं रागावले. तर ते बर्फ घेऊन आले. स्वतः बसून फोडला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं मी पाहिलं.

ऊन कलल्यावर आम्ही कुंडी आईसमोर नेली. बाबांनी तिला उठवून बसवलं. "बघ पोरींनी काय केलंय," ते म्हणाले. पुदिना मिळाला नव्हता म्हणून धाकटीने वर कोथिंबिरीची काडी खोचली होती. ती वाकली होती.

आईने कुंडीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. तिने चमचा घेतला तेव्हा धाकटीने माझा हात दाबला.

आईने काडी काढून जमिनीवर ठेवली. वरचा भुगा चमच्याने एका बाजूला केला. खाल्ला नाही. ताटली ओढून तो तिच्यात काढला. मग कस्टर्ड उकरलं, तेही ताटलीत ठेवलं. जेलीची एक तुटकी पट्टी लागली. तिने ती बोटांनी उचलली, पाहिली आणि बाजूला ठेवली. केळं, बिस्किटं, द्राक्षं. तिचा हात सावकाश चालला होता, आत काही लागलं तर दुखू नये अशा बेताने. धाकटी अगदी हळू म्हणाली, "आई, खा ना." चमचा कुंडीच्या बुडाला लागून खरखरला. आईने आत हात घालून केळीचं पान उचलून पाहिलं. खाली काही नव्हतं.

तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं.

"खंय ठेवल्यात तेका?"

कुठे ठेवलंत त्याला. इतक्या महिन्यांत तिने ते एकदाही विचारलं नव्हतं.

"उद्या नेतो तुला," ते म्हणाले.

"आत्ता."

आईने केस बांधले, पायात चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. बाबा उठले. आम्हाला मागे ठेवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून आम्हीही निघालो.

वसाहतीच्या मागे ओढ्याकडे जाणारा कच्चा रस्ता होता. त्याच्या पुढे झुडपांची पडीक जागा होती, तिथे लहान मुलांना पुरायचे. मी तिथे कधी गेले नव्हते. पण आम्ही पोचलो तेव्हा झुडपं नव्हतीच. अख्खी जागा मुरूम टाकून सपाट केलेली होती. कारखान्यांचे नवे गाळे व्हायचे होते, पायासाठी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. एका बाजूला खडीचा ढीग होता आणि त्याच्यावर दोन कुत्री झोपली होती.

बाबा त्या रेघांमधून चालत गेले. एका ठिकाणी थांबले, मागे आले, ओढ्याकडे पाहिलं, परत दुसरीकडे गेले. आई जागच्या जागी उभी होती. शेवटी बाबा एका जागी उभे राहून म्हणाले, "इथे. इथेच."

आई तिथे गेली. खाली बघितलं. मग त्यांना म्हणाली, "नक्की?"

बाबा खाली बसले, मुरुमावर दोन्ही हात टेकून.

"मी आत आलोच नव्हतो गं," ते म्हणाले. "माझ्याने झालं नाही. रस्त्यावरच मी त्याला मित्राच्या हातात दिला. तोच आत आला. मी तिथे रस्त्यावर उभा राहिलो."

तेव्हा मी बाबांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मोठ्याने, लहान मुलासारखं. धाकटी घाबरून मला चिकटली. आई त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती त्यांना बोलेल, ओरडेल, निदान आता तरी रडेल. तिने वाकून त्यांच्या पाठीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "उठा. चला."

बाबांचा तो मित्र तोवर नोकरी सोडून गावी गेला होता. बाबा रजा काढून त्याला आणायला गेले. तो आला. बिचारा चांगला माणूस होता. आईसमोर हात जोडून उभा राहिला, मग त्या जागेवर जाऊन फिरला. म्हणाला, एक करवंदीचं झुडूप होतं, त्याच्या अलीकडे, वर मोठा दगड ठेवला होता. झुडूप नव्हतं, दगडही नव्हता. तो गाळ्यांच्या मुकादमाकडे गेला, चौकशी केली. मुकादम म्हणाला, वरची माती खरवडून ट्रकने नेली, कुठे टाकली ते त्याला माहीत नाही. मित्राने हे बाबांना सांगितलं ते आईच्या पाठीमागे, पण आईने ऐकलं.

त्यानंतर आई रोज दुपारी तिथे जायला लागली. बांधकाम चालू असताना खडीच्या ढिगाजवळ बसायची, भिंत झाल्यावर भिंतीबाहेर. सुरुवातीला मी शाळा सुटल्यावर तिला आणायला जायचे. ती लगेच उठायची, हट्ट करायची नाही. तिथे काम करणाऱ्या बायका तिला पाणी द्यायच्या. वॉचमन एकदा मला म्हणाला, "बेटी, उनको बोलो, इधर धूप बहुत है." मी सांगितलं. आई म्हणाली, "हो." दुसऱ्या दिवशी तिथेच होती.

मावशी तिच्या शेजारी जाऊन बसायची कधीकधी. एकदा मी दोघींच्या मागे उभी होते, त्यांना माहीत नव्हतं. मावशी म्हणाली, "तुझ्या दोघी पोरी आहेत गं. त्यांच्याकडे बघ."

आई म्हणाली, "बघते की."

ते खोटं नव्हतं. ती बघायची. ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवायची, गणवेशाचं बटण तुटलं तर लावून द्यायची. पण आम्ही काही सांगायला लागलो की तिचं लक्ष आमच्या मागच्या भिंतीवर असायचं. हळूहळू आम्ही सांगायचं सोडलं. शाळेत काय झालं ते धाकटी मला सांगायची आणि मी कुणालाच नाही.

गाळे सुरू झाले. आत प्रेसची मशीनं बसली, भिंतीबाहेर बसलं तरी जमीन हलायची. डॉक्टरांनी सांगितलं, जागा बदला. बाबांनी नोकरी सोडली, मुलुंडला दुसरी धरली आणि आम्ही तिकडच्या चाळीत राहायला गेलो. निघायच्या दिवशी मावशीने आम्हा दोघींना जवळ घेतलं आणि आईला म्हणाली, "मी जाईन हां तिकडे अधूनमधून." आई म्हणाली, "नको. ऊन असतं."

मुलुंडला आल्यावर आई चाळीबाहेर पडायची बंद झाली. बाबांना सुरुवातीला बरं वाटलं, नंतर नाही. ती बहुतेक वेळ घरात असायची आणि घरात नसल्यासारखी असायची. बाबा फार लवकर म्हातारे झाले. संध्याकाळी अजून तिच्या शेजारी बसायचे, पण सांगायला त्यांच्याकडेही काही उरलं नव्हतं. दोघं समोरच्या दारावरच्या खिळ्याकडे बघत बसलेली मला आठवतात. मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, नोकरीला लागले. धाकटी माझ्यापेक्षा शांत झाली. लहानपणी अख्खी चाळ जागी करणाऱ्या त्या मुलीला आता हाक दोनदा मारावी लागायची.

नव्या चाळीतल्या बायकांना आमचं काही माहीत नव्हतं. नळावर, गच्चीत कुणीतरी आईला विचारायचंच, "मुलं किती तुम्हाला?"

आई म्हणायची, "तीन."

"दोघीच दिसतात. तिसरं?"

"मुलगा. तो मरोळला असतो."

बायकांना वाटायचं, नोकरीला असेल, मामाकडे असेल. एकदोघींनी मला विचारलं, भाऊ कधी येतो गं भेटायला? मी म्हणायचे, कामामुळे जमत नाही त्याला. बाबाही तसंच सांगायचे. आम्ही आपापसात काही ठरवलं नव्हतं.